पोरी, नेम छोटा धर

देवघर केवढं असावं आणि कुठल्या भिंतीला असावं, असं तू फोनवर विचारलंस. ते सुताराला विचार, जागा बघून तो नीट सांगेल. मला तू एवढंच सांग, की त्या देवघरासमोर घरातली सगळी माणसं एकत्र बसणार कधी? तुझे सासरे, सासूबाई, जावईबापू, तू आणि आमचा पणतू. ती वेळ ठरली की फळीवर ठेवलेला विठोबासुद्धा पुरतो. ती ठरली नाही तर सागवानी देव्हारासुद्धा रिकामाच.

तू लहानपणी सुट्टीला तरडगावात यायचीस, तेव्हा आपल्या वाड्यात सारखं हसणं असायचं, ते कुठून यायचं असंही विचारलंस. त्याचंच उत्तर लिहायला बसलेय. यातलं बरंचसं माझं नाही. माझ्या आत्याबाईंनी, म्हणजे तुझ्या पणजीनं, मला नवी सून असताना चुलीपुढे बसवून सांगितलेलं आहे. माझ्या पदराला बांधलेलं आता तुझ्या पदराला बांधते.

पहिलं सांगते ते नेमाचं. आत्याबाई म्हणायच्या, अंगात ताप असतानाही निभेल एवढाच नेम धरावा. नवी नवी हौस असते, माणूस एकदम अकरा माळा, एक अध्याय, दोन आरत्या असं ठरवून बसतो. मग पोराला परीक्षा येते, नवऱ्याला रात्रपाळी लागते, नेम मोडतो. मोडला की मनाला टोचत राहतं आणि टोचतंय म्हणून देवासमोर जायचंच टळतं. अशी कितीतरी घरं मी बघितली, जिथं मोठ्या संकल्पानं साधा दिवाही विझवला. आपल्या घरचा नेम हरिपाठाचा. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग. टाळावर, चालीत म्हटले तर पाऊण तास जातो, नुसते वाचले तरी वीसेक मिनिटं लागतात. तुमच्या घाईच्या घरात तेवढं रोज जमणार नाही, हे मला कळतं. म्हणून रोज पाच म्हणा. सहा दिवसांत पाठ पुरा होतो, सातव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. अगदीच कुणी आजारी असेल त्या दिवशी एकच म्हणा, पण एकत्र म्हणा.

वेळ दिवेलागणीचीच हवी असं मनात धरू नकोस. आम्ही शेतातून अंधार पडायच्या आत घरी यायचो, म्हणून आमची ती वेळ. तुम्ही दोघं कंपनीतून येता तेव्हा आठ वाजलेले असतात. दिवेलागणीला सासूबाईंनी तुळशीपाशी दिवा लावावा, तो त्यांचा मान त्यांच्याकडेच राहू दे. हरिपाठ मात्र जेवणं झाल्यावर, ओटा आवरल्यावर, झोपायच्या आधी. सगळे फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावा आणि दार ओढून घ्या. खाली सतरंजीवर बसा. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यांना खुर्ची दे, आणि खुर्चीवर बसल्याचा संकोच त्यांना वाटू देऊ नकोस.

आता पणतवाचं. लहान पोराला पाच मिनिटं हात जोडून गप्प बस म्हटलं की देव त्याला शिक्षाच वाटायला लागतो. त्याच्या हातात टाळ दे. टाळ कसा धरायचा ते मात्र नीट शिकव, कारण टाळ वाजला नाही की पोरं कंटाळतात. दोरी पहिल्या बोटाला गुंडाळून घ्यायची, वाटी तळहाताला चिकटू द्यायची नाही. तळहात लागला की नाद मरतो. आणि दोन्ही वाट्या अगदी तोंडाला तोंड लावून आपटायच्या नाहीत, तसं केलं की आत हवा कोंडते आणि नुसता ‘थप्’ असा आवाज येतो. एक वाटी किंचित खाली सरकवून, काठावर काठ निसटता लावायचा. मग बघ कसा स्वच्छ, लांबपर्यंत रेंगाळणारा नाद निघतो. तो पहिला नाद ज्या दिवशी त्याच्या हातून निघेल ना, त्या दिवशी तो तुमच्या आधी सतरंजी अंथरून बसेल. तुझ्या मामाचं असंच झालं होतं. ताल चुकला तर चुकू दे. चाल बिघडली म्हणून देवळातले बुवा रागावतात, तो त्यांचा अधिकार, घरात त्याचं काही काम नाही. आणि त्याला अर्थ सांगायची घाई नको. शब्द आधी तोंडात बसू देत. पुढे कधी आयुष्यात अडला की त्यातलाच एखादा आपोआप उलगडेल.

हरिपाठ संपला की उठायच्या आधी एकमेकांच्या पाया पडायचं. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगतेय. वारकऱ्यांत धाकटा थोरल्याच्या पाया पडतो आणि थोरलाही धाकट्याच्या पाया पडतो. जात नाही, वय नाही, बाई-पुरुष नाही. समोरचा माउली, एवढंच. तुझे आजोबा रोज तुझ्या पायाशी वाकायचे, आठवतं का? तू पाय आखडून फ्रॉकखाली दडवायचीस, आणि ते मुद्दाम हात लांब करून अंगठा शोधायचे. तू खिदळायचीस, मग सगळा वाडा खिदळायचा. तू विचारतेस ना हसणं कुठून यायचं, त्यातलं अर्धं तिथून यायचं.

पण यात गंमतीपलीकडचं एक काम आहे. नवरा-बायकोचं सकाळी वाजलं असेल, सासू-सुनेत अबोला असेल, तर रात्री त्याच माणसासमोर वाकायचंय हे दोघांनाही ठाऊक असतं. मग सकाळी जीभ जरा आवरते. आवरली नाही, तरी रात्री वाकताना हात पायाला लागतो आणि अबोला तिथेच सुटतो. माफी मागायला शब्द सापडत नाहीत माणसाला, विशेषतः आपल्या पुरुषांना. तुझ्या आजोबांनी मला तोंडानं कधी ‘चुकलं माझं’ म्हटलेलं आठवत नाही, पण ज्या दिवशी त्यांचा हात पावलावर नेहमीपेक्षा दोन क्षण जास्त रेंगाळायचा, त्या दिवशी मला सगळं कळायचं. जावईबापूंना पहिल्यांदा अवघड वाटेल. त्यांना म्हणावं, वारीत पोलीस अधिकारीही खेड्यातल्या म्हातारीच्या पाया पडतात.

दुसरी गोष्ट पुंडलिकाची. कीर्तनात तू ती शंभरदा ऐकली आहेस. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, दारात प्रत्यक्ष देव आला, तर त्यानं वीट फेकली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला. अजून थांबलाय, कटेवर हात ठेवून. आपल्या सगळ्या संप्रदायाचा पाया त्या विटेवर आहे, आणि तरी घराघरात नेमकं उलटं चालतं. पूजेत असताना सासऱ्यांनी पाणी मागितलं तर सून कपाळाला आठ्या घालते. पोथी वाचताना पोर रडलं तर आजी खेकसते. मामंजींचं, म्हणजे तुझ्या पणजोबांचं, तसं नव्हतं. पूजा चाललेली असायची आणि आत खाटेवर त्यांच्या म्हाताऱ्या आईची हाक यायची. ते तसेच ओल्या हातानं उठायचे, तिला कूस बदलून द्यायचे, घोटभर पाणी पाजायचे, हात धुऊन पुन्हा येऊन बसायचे. पूजा मोडली असं त्यांना कधी वाटलं नाही. म्हणून तुला सांगते, हाक आली की ऊठ. माणसाच्या हाकेसाठी उठलेल्याची पूजा अर्धवट राहत नाही. आणि हे तुझ्या सासूबाईंनाही वाचून दाखव, कारण सुनेची पूजा वेळेवर झाली नाही म्हणून बोलणाऱ्या सासवाही मी पाहिल्या आहेत. तू सकाळी सातला डबे भरून, पोराला स्कूलबसमध्ये बसवून कामाला पळतेस, तीच तुझी त्या वेळची पूजा.

एकादशीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे बायकांचा आनंद मरतो. महिन्याला दोन, वर्षाच्या चोवीस, अधिक महिना आला तर आणखी दोन. उपास म्हणजे पोटाला आणि चुलीला विसावा. आता बघावं तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, पापड्या, वेफर, वर दाण्याचा लाडू, आणि ज्यांना उपास नाही त्यांच्यासाठी पोळी-भाजी वेगळीच. घरातली बाई दोन्ही स्वयंपाक करते, आणि तिचाही उपास असतो! हा उपास नव्हे. आपल्या घरी एकादशीला एकच रांधण असायचं, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. भगर कोरडी भाजून घ्यायची, वाटीला अडीच-तीन वाट्या उकळतं पाणी, मीठ, चमचाभर तूप, झाकण. आमटीला दाण्याचं कूट, हिरवी मिरची, जिरं, दोन आमसुलं आणि गुळाचा खडा. अर्ध्या तासात चूल मोकळी. ज्यांना उपास नाही त्यांनीही तेच खायचं, वर हवं तर आदल्या दिवशीची भाकरी. उरलेला वेळ बाईचा. आत्याबाई त्या दुपारी पाय पसरून बसायच्या आणि जवळ येईल त्याच्याशी गप्पा मारायच्या. एरवी त्यांना बसलेलं आम्ही बघायचो नाही, म्हणून पोरं एकादशीची वाट बघायची.

तुझ्या सासूबाईंना साखरेचा आजार आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करायचा नाही, आणि साबुदाण्यापासून तर लांबच राहायचं. गोळी घेऊन उपाशी राहणं धोक्याचं असतं. ‘इतकी वर्षं केली, आता कशी सोडू’ असं त्या म्हणतील. तेव्हा तू वाद घालू नकोस. त्यांच्या हातानं एकादशीला कुणाला तरी जेवू घाल. सवयीची जागा दुसऱ्या सवयीनं भरली की माणूस सोडतो. आणि बारस विसरू नका. द्वादशीला सकाळी उपास सोडताना एक तरी बाहेरचं माणूस पंगतीला असावं. शेजारचा एकटा राहणारा मुलगा असेल, वॉचमन असेल. आपण उपास सोडला आणि दुसऱ्याचं पोट भरलं नाही, तर बारस कसली?

देवासमोरून कुणाला उठवू नकोस. आमच्या घरी बाईनं चार दिवस बाजूला बसायची पद्धत होती, ती मामंजींनी बंद केली. ते म्हणाले, वारीत हजारो बाया डोक्यावर तुळस घेऊन अठरा-वीस दिवस चालतात, त्यातली एकही मधेच बाजूला बसत नाही, विठोबाला ते चालतं आणि आपल्या देवघराला चालत नाही होय? तो विषय तिथेच संपला. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी कधी हरिपाठाच्या वेळी असतील तर त्यांना सतरंजीवर बसव, दाराशी नको. मामंजी तेव्हा तरुण होते, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिराचं दार दलितांना उघडलं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, आणि त्यांच्या माणसांना इतकी शतकं आत जायला बंदी! हे सांगताना मामंजींचा आवाज भरून यायचा. ते दार एकदा उघडलंय, पोरी. आपल्या उंबऱ्यात ते पुन्हा लागू नये.

तुळशीचं थोडक्यात. बाल्कनीत जिथे चार-पाच तास ऊन येतं तिथे कुंडी ठेव, शोभेच्या कोपऱ्यात नको. मंजिऱ्या आल्या की खुडत जा, नाहीतर रोप वठतं. वाळलेल्या मंजिऱ्या चोळून बी दुसऱ्या कुंडीत टाक. माती बोटाला ओली लागली तर पाणी घालू नकोस. श्रद्धेनं रोज तांब्याभर पाणी ओतून मुळं कुजवणारी घरं पुष्कळ आहेत.

आता एक अवघड बोलते. दिवस वाईट येतात. तेव्हा आनंद कुठून आणायचा, असं तू विचारलं नाहीस, पण एक दिवस विचारशील. १९७२ सालच्या दुष्काळात मी या घरात नवीच होते. विहिरीत पाणी नव्हतं, बैल विकावे लागले. आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. दुपारी सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. हाताला फोड आलेले असायचे, टाळ धरवायचा नाही. मामंजींनी हरिपाठ थांबवला नाही, टाळ मात्र बंद केले. नुसत्या टाळ्यांवर, त्याही दुखू नयेत म्हणून मांडीवर हात मारत आम्ही म्हणायचो. बरोबर खडी फोडणारी आणखी चार घरची माणसं यायला लागली. देवाकडे पाऊस माग असं मामंजी कधी म्हणाले नाहीत. नवस बोलायची आपल्या घरी रीतच नाही, देवाशी देणंघेणं करायचं नाही. पण त्या ओसरीवर दिवसभराची बातमी कळायची, कुणाच्या घरी पीठ संपलंय, कुणाच्या पोराला जुलाब लागलेत. हरिपाठ झाला की आत्याबाई ओच्यातून मूठभर पीठ काढून कुणाच्या तरी पदरात टाकायच्या. त्या वर्षीही आम्ही हसलोय, खोटं नाही सांगत. तुटलेल्या भाकरीचे तुकडे जुळवायची पैज लागायची दीर-नणंदांत.

ज्ञानोबांच्या पालखीला आजचं रूप देणारे हैबतबाबा आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावी येताना सातपुड्यात त्यांना पकडून गुहेत कोंडलं, आणि तिथे ते रात्रंदिवस हरिपाठ म्हणत राहिले, असं सांगतात. सुटका झाल्यावर त्यांनी सरदारकी सोडली आणि आळंदी गाठली. मी हे तुला एवढ्यासाठी सांगते, की गुहेत त्यांच्याजवळ मूर्ती नव्हती, फूल नव्हतं, दिवा नव्हता. पाठ होतं तेवढंच बरोबर होतं. पोराला पाठ करून दे म्हणते ते त्यासाठी.

आणि आता ज्येष्ठ उजाडेल. तू हडपसरला राहतेस, हे केवढं भाग्य! ज्ञानोबा आणि तुकोबा, दोन्ही पालख्या पुण्यात मुक्काम करून तुझ्याच दारावरून जातात आणि तिथूनच वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढून सासवडला, तुकोबांची लोणी काळभोरकडे. त्या दिवशी सुट्टी टाका दोघांनीही. सोसायटीतले लोक केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटतात, चांगली भावना आहे, पण पुढच्या चौकात तेच, त्याच्या पुढच्या चौकात तेच, आणि साली रस्त्यावर. तू आधी चार दिवस एखाद्या दिंडीच्या व्यवस्थापकांना गाठून विचार, काय लागेल. बहुतेक ते सांगतील, बायांसाठी संडास-बाथरूम आणि गरम पाणी. तुमच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावरचं आणि क्लबहाऊसचं बाथरूम त्या सकाळी उघडून द्यायला कमिटीला राजी कर. बादल्या, मग, साबण, कोरडे टॉवेल आणि दाराशी एक बाई उभी, एवढी व्यवस्था पुरे. वारीला चाळीस वर्षं जाणाऱ्या बायासुद्धा सांगतील, यापरतं अन्नदान नाही. पायाला लावायला खोबरेल आणि फोडांसाठी पट्ट्या सासऱ्यांच्या हाती दे. खुर्चीवर बसून ते काम छान होईल त्यांच्याकडून, आणि कितीतरी गावांच्या गोष्टी ऐकायला मिळतील.

पणतवाला हडपसरपासून थोडं चालव. फुरसुंगीपर्यंत आला तरी खूप झालं, घाटाचा हट्ट नको. नवे बूट घालू नकोस त्याला, रोजचेच घाल, आत सुती मोजे. टोपी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आणि खिशात तुझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. गर्दीत कुणी पुढे जायला वाट मागताना ‘माउली’ म्हणेल, तेव्हा त्यानंही ‘माउली’ म्हणून बाजूला व्हायचं, हे घरूनच शिकवून ने. पुढे पालखी लोणंदचा मुक्काम करून चांदोबाच्या लिंबाला येईल, तिथलं उभं रिंगण बघायला तुम्ही सगळे या. तरडगावच्या मुक्कामाला आपल्याकडे दिंडी उतरते, पिठलं-भाकरीला हात कमी पडतात. जावईबापूंना भाकरी थापता येत नसेल तर पिठल्याचं बेसन घोटायला लावते. वाटीला चार वाट्या पाणी, आणि गुठळी होऊ द्यायची नाही, एवढं त्यांना आत्ताच सांगून ठेव.